वाट पाहण्याची अधिकृत पद्धत

अर्जाच्या शेवटी 'आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहोत' असं लिहिणारी माणसं खरोखर वाट पाहत असतात का, हा प्रश्न चिम्वाला जिल्हा परिषदेला पडला, तेव्हा म्पिंगा गावच्या शाळेवर छप्पर नव्हतं.

छप्पर मागच्या पावसाळ्यातल्या वादळात उडालं आणि त्याचे पत्रे शेजारच्या दोन गावांत कोंबड्यांच्या खुराड्यांवर सन्मानाने बसले. मुख्याध्यापिका फालेसी गोंड्वे यांनी रीतसर इंग्रजीत अर्ज केला. पत्र्यांची टंचाई होती असंही नाही. परिषदेच्या गोदामाच्या कुंपणाआड नवेकोरे पत्रे रचून ठेवलेले होते, त्यावर 'म्पिंगा शाळा' असं खडूने लिहिलेलं होतं, आणि रस्त्याने जाणाऱ्या शेळीलाही ते दिसत होते. घोडं अडलं ते अर्जाच्या शेवटच्या वाक्यापाशी.

त्याचं असं झालं. मदत देणाऱ्या एका परदेशी संस्थेचा पाहुणा येऊन पाहणी करून गेला आणि परिषद बहुतेक पत्रांना उत्तरच देत नाही, असं लिहून गेला. लोक उत्तराची वाट पाहत ताटकळत आहेत, असंही त्याने लिहिलं. यावर दोन उपाय होते. पत्रांना उत्तरं द्यायची, किंवा वाट पाहणाऱ्यांची संख्या कमी करायची. पहिल्याला माणसं लागली असती. दुसऱ्याला एक परिपत्रक पुरलं.

परिपत्रकात म्हटलं होतं की 'लुकिंग फॉरवर्ड टु युअर रिप्लाय' हा इंग्रजी प्रयोग नागरिक निव्वळ सवयीने करतात. एकदा पत्र टाकलं की ते शेतावर जातात, लग्नं लावतात, फुटबॉल बघतात. वाट पाहत नसताना वाट पाहत असल्याचं सरकारला लेखी कळवणं ही खोटी माहिती होय. सबब, यापुढे हा प्रयोग प्रत्यक्ष वाट पाहणाऱ्यांनीच करावा आणि तसा पुरावा सोबत जोडावा. अंमलबजावणीसाठी प्रतीक्षा सत्यता कक्ष स्थापन झाला आणि मच्छरदाणी वाटप विभागातले ग्रेशम चिसाले त्याचे प्रमुख झाले.

चिसाले सज्जन होते. त्यांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता. आलेल्याला ते उठून खुर्ची देत, बायकामुलांची चौकशी करत आणि मग नाही म्हणत. गोंड्वेबाईंनाही त्यांनी खुर्ची दिली.

"साहेब, पुरावा म्हणजे काय आणू?" बाई म्हणाल्या. "मी वाट बघतेय. ही काय, तुमच्यासमोर बसलेय."

"मॅडम, तुम्ही इथं आलात म्हणजे तुम्ही उत्तर मागायला आलात. मागणं वेगळं, वाट पाहणं वेगळं. वाट पाहणारा माणूस आपल्या जागी असतो."

"मग ते वाक्यच खोडते. 'आपली विश्वासू' लिहून मोकळी होते."

चिसालेंना मनापासून वाईट वाटलं. "तसं नका करू. मग अर्जात उत्तराची अपेक्षाच राहत नाही. ज्याला उत्तर नकोय त्याच्यावर परिषदेनं उत्तर लादायचं? ती जबरदस्ती होईल, मॅडम."

"अहो, पाऊस तोंडावर आलाय! पोरं भिजतील माझी."

"म्हणूनच सांगतो, घाई करू नका. आधी प्रशिक्षण घ्या."

बाईंनी कपाळाला हात लावला. पण प्रशिक्षण सरोवराकाठच्या हॉटेलात आहे हे ऐकल्यावर त्यांनी तो हळूच खाली घेतला.

त्या देशात कुठलीही अडचण आली की तिच्यावर कार्यशाळा घेतात. कॉलऱ्यावर घेतात, दुष्काळावर घेतात, कार्यशाळा फार होतात म्हणून त्यावरही एकदा घेतली होती. तिथे येण्याचा भत्ता असतो, बसण्याचा भत्ता असतो, आणि राजधानीतला पाहुणा जितका उशिरा येईल तितका नाश्ता जास्त असतो. 'उत्तराची वाट पाहणे : योग्य वापर आणि आव्हाने' या कार्यशाळेला तर जिल्ह्यातले एकूण एक मुख्याध्यापक आले. कुणाला पत्रे हवे होते, कुणाला लिहायचे फळे, कुणाला शिक्षक. सगळ्यांना छातीवर ते इंग्रजी वाक्य छापलेले टी-शर्ट मिळाले.

प्रार्थनेनं सुरुवात झाली. उद्घाटकांनी उद्घाटन करताना दुपार केली. मग राजधानीतल्या तज्ज्ञांनी वाट पाहण्याचं प्रात्यक्षिक दिलं. मान किंचित पुढे, नजर रस्त्याकडे, हात रिकामे. हातात विणकाम, कोयता किंवा मूल असेल तर ते वाट पाहणं नव्हे, तो दुय्यम व्यवसाय, असं त्यांनी समजावलं. त्यानंतर 'वाट पाहणे आणि नुसते बसणे यांतला फरक' या विषयावर गटचर्चा झाली. हा फरक कुणालाच सापडला नाही, म्हणून सर्व गटांना समसमान गुण मिळाले.

रात्रीच्या जेवणात मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा होता आणि चांबो मासा होता. ताटाबाहेर शेपूट लोंबेल एवढा. गोंड्वेबाईंनी दोन खाल्ले. नवरा गेल्यापासून त्या एवढ्या मऊ गादीवर झोपल्या नव्हत्या. सकाळी खिडकीतून सरोवर दिसलं तेव्हा त्यांना मजा वाटली, आणि मजा वाटल्याचा स्वतःचाच राग आला. राग चहापर्यंत टिकला. भत्त्याच्या पाकिटावर सही करताना शेजारच्या मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितलं की हा सगळा खर्च सुतारांच्या मजुरीसाठी ठेवलेल्या निधीतून झाला आहे. छपरं बसवायची नव्हतीच अजून, तेव्हा निधी पडून राहण्यापेक्षा बरं, असंही ते म्हणाले. बाईंनी मान डोलावली आणि सही केली.

गावी परतल्या तो शाळेवर अर्धं छप्पर चढलेलं.

पत्र्यांचं नव्हे, गवताचं. एनेलेसी नावाच्या बाईनं पुढाकार घेतला होता. तिची ताडाला नावाची मुलगी दुसरीत होती आणि छातीनं नाजूक होती. भिजली की तिला खोकला धरायचा आणि खोकला धरला की ती निळी पडायची. एनेलेसीनं गावातल्या बायकांना उठवलं, नदीकाठचं गवत कापून आणलं, पुरुषांना शिव्या घालून बांबू तोडायला लावले. गोंड्वेबाईंना रडूच आलं. टी-शर्टच्या बाहीला डोळे पुसून त्या म्हणाल्या, "अगं, किती गुणाची गं तू!"

"गुणाची बिणाची नाही, बाई. आभाळ बघा की. तुमचा साहेब देईल तेव्हा पत्रे देईल, तोवर पोरांच्या डोक्यावर काहीतरी नको का?"

नेमकी त्याच वेळी चिसालेंची मोटारसायकल आली. ते प्रतीक्षेची प्रत्यक्ष तपासणी करायला आले होते. त्यांनी हेल्मेट काढलं, वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला.

"मॅडम, हे काय?"

"गवत घालतोय, साहेब. तात्पुरतं."

"तुम्ही लिहिलंय, छपराबद्दलच्या उत्तराची वाट पाहत आहोत. आणि इथं तर छपराचं काम सुरू आहे. मग वाट कोण पाहतंय?"

"आम्हीच!" वरून एनेलेसी ओरडली. ती बांबूवर बसून दोरी आवळत होती. "हातानं बांधतोय आणि डोळ्यांनी वाट बघतोय. का, देवानं दोन्ही वेगळे नाही दिलेत?"

"बाई, तुमच्या हातात दोरी आहे," चिसाले मृदुपणे म्हणाले. "हा दुय्यम व्यवसाय झाला." मग ते गोंड्वेबाईंकडे वळले. "मला कळवळा आहे, मॅडम, खरंच आहे. पण मी असाच अहवाल दिला तर म्पिंगाला छपराची गरज नाही, असा त्याचा अर्थ होईल. ते पत्रे दुसऱ्या शाळेला जातील. तुमच्या शाळेचं नाव पुसून टाकायला काय, ओला फडका पुरतो."

गावप्रमुख कासेंगा आजोबा पुढे आले. त्यांनी काठी टेकली. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा. गवत ठेवू का काढू?"

गोंड्वेबाईंनी वर गवताकडे पाहिलं. गवत दोन पावसाळे टिकलं असतं. पत्रे वीस वर्षं टिकले असते. हा हिशेब त्यांनी अगदी प्रामाणिकपणे केला. मुलांच्या भल्यासाठीच केला. "काढा," त्या म्हणाल्या. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

एनेलेसी खाली उतरली. "काढते. पण माझी पोर भिजली तर तिला पुसायला तुमच्या साहेबालाच बोलावीन, हे लक्षात ठेवा."

त्यानंतर म्पिंगानं हात धुऊन वाट पाहायला सुरुवात केली. शाळेसमोरच्या आंब्याखाली रस्त्याकडे तोंड करून बाक ठेवला गेला. प्रतीक्षा समिती नेमली गेली. कासेंगा आजोबा अध्यक्ष झाले आणि ज्यांना शेतात कुणी विचारत नव्हतं अशा पुरुषांना सदस्य करण्यात आलं. हे काम त्यांना जन्मजात येत होतं. चिसाले अधूनमधून अचानक येत आणि बाकावरच्यांना गुण देत. एकदा त्यांना एका सदस्याच्या बदली बसलेली नाफिरी आजी झोपलेली आढळली.

"आजी, उठा. तुम्ही वाट पाहत नाही आहात."

आजीनं एक डोळा उघडला. "वाट बघता बघताच तर डोळा लागतो रे, लेकरा. तुझं लग्न झालंय ना? मग बायकोला विचार." आजीचे गुण कापले गेले, पण तिचं म्हणणं अभ्यासासाठी नोंदवून घेण्यात आलं.

आणि पाऊस आला. वर्गात भिंती होत्या, फळा होता, वर आभाळ होतं. मुलं खताच्या रिकाम्या गोण्या डोक्यावर घेऊन पाढे म्हणू लागली. जोर वाढला की एकमेकांना चिकटून भिंतीकडे सरकत. त्या दिवशी चिसाले आले ते बराच वेळ दारात उभे राहिले. गोंड्वेबाईंना वाटलं, दगडाला पाझर फुटला. चिसालेंचे डोळे खरोखर पाणावले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "इतकी उत्कट प्रतीक्षा मी जिल्ह्यात कुठंच पाहिली नाही."

म्पिंगाला 'आदर्श प्रतीक्षा शाळा' हा मान मिळाला. समारंभाला मोठे पाहुणे आले, त्यांच्यासाठी शहरातून मंडप आला. मंडपाला छप्पर होतं. त्याखाली पाहुणे बसले, मुलांनी समोर पावसात स्वागतगीत म्हटलं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मंडप गुंडाळून परत गेला. प्रशस्तिपत्र तेवढं राहिलं. ते भिजू नये म्हणून बाईंनी घरी नेलं.

मग अभ्यास दौरे सुरू झाले. बाहेरच्या जिल्ह्यांतले अधिकारी, शिक्षक, परदेशी संस्थांची माणसं बसगाड्यांतून येऊ लागली. आंब्याखालची समिती पाहायची, वर्गात डोकावायचं, गोण्या पांघरलेली मुलं पाहायची आणि उपक्रम प्रेरणादायी असल्याचं सांगायचं, असा कार्यक्रम असे. पाहुण्यांना भूक लागते. त्यामुळे गावातल्या बायका रस्त्याकडेला मंडासी, म्हणजे मैद्याचे गोड वडे, तळू लागल्या, सायकल-टॅक्सीवाल्या पोरांना भाडी मिळू लागली, समितीला बसण्याचा भत्ता सुरू झाला. कासेंगा आजोबांनी बूट घेतले. गोंड्वेबाईंची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. आता त्याच सरोवराकाठी, त्याच हॉटेलात, त्या इतर मुख्याध्यापकांना वाट पाहणं शिकवू लागल्या. शिकवण्यात त्यांचा हातखंडा होताच. मान किंचित पुढे, त्या म्हणत, नजर रस्त्याकडे, हात रिकामे. हे सगळं आपण छपरासाठीच करतोय, असं त्या स्वतःला सांगत, आणि मासा आला की सांगायचं राहून जाई.

ताडालाला खोकला धरला. एनेलेसीनं तिला पाठीला बांधून आरोग्य केंद्रात नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा पोरीच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"बाई," ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, कोरड्यात ठेवा. घरात कोरडं आहे. शाळेत नाही. आता मी शाळा सोडवू का पोर सोडू, ते सांगा."

"होईल गं. आता अगदी जवळ आलंय," बाई म्हणाल्या. आणि आश्चर्य म्हणजे ते खरंच जवळ आलं होतं.

पुढच्या आठवड्यात चिसाले आले ते खुर्चीत बसलेच नाहीत. हातात पाकीट होतं. "मॅडम, मन घट्ट करा."

"काय झालं?"

"मंजूर झालं."

"काय मंजूर झालं?"

"छप्पर. वरून उत्तर आलंय. कुणीतरी चुकून तुमचा अर्ज वाचला. तुम्ही सही केलीत की उद्या ट्रक येईल."

बाईंच्या तोंडून आनंदाचा शब्द निघाला, तो अर्ध्यावरच थांबला. चिसाले फार हळू आवाजात बोलत होते. उत्तर आलं म्हणजे प्रतीक्षा संपली. आदर्श प्रतीक्षा शाळेत कुणीच वाट पाहत नसेल तर बघायला यायचं कुणी? पुढच्या बसगाड्या ठरलेल्या आहेत. मुख्य प्रशिक्षकपद अर्थातच वाट पाहणाऱ्या शाळेकडेच राहील, शेजारचं गाव टपूनच बसलंय. "मी तुम्हाला काहीच सांगत नाही," चिसाले म्हणाले. "फक्त, एखादा खुलासा मागवता येतो. उदाहरणार्थ, खिळे कुठल्या मापाचे मिळणार? खुलासा मागवला की उत्तर अपुरं ठरतं. मग नियमानं वाट पाहणं चालू राहतं."

आंब्याखाली सभा भरली. मंडासीवाल्या बायका म्हणाल्या, पत्र्यावर पाऊस पडला की किती आवाज होतो, पोरांना ऐकू कसं येणार? सायकलवाले म्हणाले, पावसाळा संपतच आलाय. कासेंगा आजोबांनी बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, खिळ्यांचं माप विचारून ठेवलेलं बरं, उगाच पुन्हा उडायला नको. कुणीही छप्पर नको म्हणालं नाही. सगळे छपराच्याच बाजूचे होते.

"थू!" एनेलेसी उठली. "पत्रे दारात आलेत आणि तुम्ही खिळे मोजताय! बाई, सही करा."

गोंड्वेबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "तुझं म्हणणं लेखी दे," त्या म्हणाल्या. "विचार करू."

एनेलेसीनं रात्रीत ते लिहिलं. चौथीपर्यंतच्या इंग्रजीत, ताडालाच्या वहीच्या पानावर. माझी मुलगी आजारी आहे. छप्पर घ्या. खाली तिनं ते ठरलेलं वाक्यही घातलं, कारण तसं घालतात हे गावात एव्हाना शेळ्यांनाही ठाऊक झालं होतं. सकाळी तिनं कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि समोर उभी राहिली.

बाईंनी तो वाचला. दोनदा वाचला. मग अनेक वर्षांच्या सवयीनं लाल पेन उचललं आणि शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली.

"एनेलेसी, हे असं नाही लिहायचं. वाट पाहत आहे म्हणतेस, पण तू समितीत एकदाही बसली नाहीस. मागे तुझ्या हातात दोरीही सापडली होती. हा प्रयोग तुला करता येत नाही."

"खरंय, बाई," एनेलेसी म्हणाली. "मी तुमची वाट बघतच नव्हते. तुम्ही आमच्यातल्या आहात असं धरून चालले होते." तिनं कागद तिथंच ठेवला. ताडाला त्या दिवसापासून शाळेत आली नाही.

खुलासा मागवणारं पत्र दुपारच्या टपालानं गेलं.

गोंड्वेबाईंचं चुकलं, असं तुम्हाला वाटत असेल. शाळा पाहायला येणाऱ्या प्रत्येकालाच वाटतं. लोक हळहळतात, परिषदेवर दोन चांगले विनोद करतात, गोण्या पांघरलेल्या मुलांकडे बघून डोळे पुसतात आणि कुणीतरी काहीतरी करायला हवं, असं एकमेकांना सांगतात. रस्त्याकडेला एनेलेसी उभी असते. ती मंडासी विकत नाही. ती प्रत्येकाला एवढंच म्हणते, "दादा, ताई, जाऊन परिषदेला एक पत्र टाका. शेवटी काहीही लिहा, पण टाका." सगळे अगदी मनापासून हो म्हणतात. प्रतीक्षा सत्यता कक्षात म्पिंगाबद्दल बाहेरच्या माणसाचं एकही पत्र अजून आलेलं नाही.

आता तुमचंही बघून झालं. तुमची बस पलीकडे लागली आहे.